एक कोटी रूबल घेऊन सूक वाकिफला

दोहात शुक्रवारी कुठे जायचं असं कुणी विचारलं की मी सूक वाकिफ हा इथला जुना बाजार सांगते. या शुक्रवारी मात्र मी फिरायला गेले नव्हते. सदूकाकांच्या एक कोटी बेलारूसी रूबलचा सोक्षमोक्ष लावायचा होता.

काका कुडाळकडचे, साइटवर सुतार, राहायला बरवा अल बराहा या कामगार वसाहतीत. साठी आली, गुडघे गेले. करार वाढवायचा की घरी जायचं, हे रविवारी कंपनीला कळवायचं होतं. नोटांचं पुडकं बदलून मिळालं तर घरी, असं त्यांनी ठरवलेलं. मायदेशी परतताना एका बेलारूसी फोरमनने दिलेलं ते पुडकं, दोन लाखांच्या पन्नास नोटा. दर दिवाळीला माझ्या बिन महमूद भागातल्या घरी ते लक्ष्मीपूजनात असायचं.

काका बसने माझ्याकडे आले. तिथून मेट्रोने सूक, माणशी दोन रियाल. डब्यात बसून मी फोनवर वाचत होते. सोव्हिएत रूबल मोडल्यावर बेलारूसने स्वतःच्या नोटा काढल्या. एकीवर ससा होता, म्हणून लोक पैशालाच ससा म्हणायचे. महागाईत नोटांवर शून्यं चढत गेली. २०१६ साली सरकारने चार शून्यं उडवली, दहा हजारांचा एक रूबल केला. जुन्या नोटा बदलायची मुदत २०२१ अखेर संपली. हे आधी वाचायला मला काय धाड भरली होती?

एक्स्चेंजच्या काउंटरवरच्या मल्याळी माणसाने नोट उलटसुलट पाहिली. "चाचा, ये अब कहीं नहीं चलेगा. खलास."

"चलता तो कितना होता?" मी विचारलं.

"हजार, बारह सौ रियाल."

बाहेर करक चहा घेतला, दोन रियालला कप. काकांनी तोंडाला लावला नाही. मला राहवेना. "काका, २०२१च्या दिवाळीत तुमच्या साइटवरचा वेल्डर बेलारूसला, मिन्स्कला चालला होता. बदलून आणतो म्हणत होता. पूजेतली लक्ष्मी मोडू नये, असं शहाणपण मीच शिकवलं तुम्हाला."

"तुका तरी काय म्हायत?" ते म्हणाले. मग पुन्हा, "म्हयन्याचो पगार होतो गो. कोटी खंयचे!"

घरी आल्यावर त्यांनी खिशातून कराराचा इंग्रजी फॉर्म काढला. भरून दे म्हणाले. नाव, पासपोर्ट, वय. मग मुदत आली.

"काका, एक वर्ष की दोन?"

ते गुडघा चोळत बसले होते. "एका वर्सान काय होतला? दोनार खूण कर."

मी केली.