धावजीने निवडलेला ट्रक

धावजीने निवडलेला बैल कधी वाईट निघाला नाही, हे मुकुटबनच्या आसपास कोणीही सांगितलं असतं. त्याच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ नि धान्य लादून अर्धा मुलूख पालथा घातला होता, तेव्हा ही नजर त्याच्या रक्तातच होती. त्याच्या तांड्यात एक रीत होती. जाणत्याने जनावराच्या पाठीवर हात ठेवला, की तो हात उचलेपर्यंत बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. मध्येच बोललं तर जनावराला दृष्ट लागते म्हणे. धावजीला ही रीत फार आवडायची. जाणत्याला आवडणारच.

बासष्ट साली त्याला जंगलातली सागाची लाकडं वाहायचं काम मिळालं. बैलांना ते झेपेना, म्हणून ट्रक घ्यायचं ठरलं. चालवणार होता भीमसिंग, त्याच्या एकुलत्या एका मुलीचा, गंगीचा नवरा. तो परक्या ठेकेदाराच्या लॉरीवर गावोगाव फिरायचा आणि गंगी वाट पाहत बसायची. पोरीचा संसार डोळ्यांसमोर नांदावा, एवढ्यासाठीच धावजीचा हा सगळा खटाटोप होता.

यवतमाळला लष्कराच्या जुन्या गाड्या विकणारा एक व्यापारी होता. त्याच्या आवारात दोन ट्रक उभे होते, एक बुटका नि जडशीळ, दुसरा उंच, लांब नाकाचा. धावजीने बैलाची घेतात तीच परीक्षा घेतली. दगडांनी भरलेल्या बैलगाडीची चाकं साखळीने जखडली आणि ती आळीपाळीने दोघांमागे बांधली. बुटका कण्हत कण्हत हलला. उंच ट्रकाने ती गाडी जमीन उकरत आवाराच्या टोकापर्यंत फरफटत नेली. बघे खूश झाले. व्यापारीही खूश झाला, त्याचं काय जात होतं, दोन्ही त्याचेच.

धावजीने उंच ट्रकाच्या बॉनेटवर पंजा ठेवला.

"याच्यात जीव हाय," तो म्हणाला. "वढणारा असा पायजे."

भीमसिंग ट्रकाखाली वाकून पाहत होता. तो उठला, हात पुसले, सासऱ्याकडे पाहिलं. धावजी व्यापाऱ्याशी बोलत होता आणि पंजा अजून बॉनेटवरच होता. तिथेच सौदा झाला.

पहिल्या खेपेला सागाने भरलेली ट्रॉली मागे जोडून ट्रकाने चढ हसतखेळत काढला. धावजी जावयाशेजारी मिशीला पीळ देत बसला होता. मग उतार लागला. भीमसिंग लहान गियरमध्ये बेताने उतरत होता, तेवढ्यात गियर निसटला. त्याने ब्रेकवर पाय रोवला. चाकं घासली, पण मागची ट्रॉली सगळ्या ट्रकाला पुढे ढकलत सुटली. धावजीला काही कळेना. बैल उतारावर आपसूक मागे रेलतो, त्याला ते शिकवावं लागत नाही. "हो, हो रे, हो," असं तो चुचकारत राहिला, तेही ट्रकाला. समोर बाजाराला निघालेल्या बाया होत्या. भीमसिंगने ट्रक कपाशीच्या वावरात घातला. तो बांधाला धडकून थांबला आणि मागचे ओंडके पुढे येऊन भीमसिंगच्या बाजूवर कोसळले.

धावजीला खरचटलंही नाही. भीमसिंगचा उजवा हात कोपरापासून कापावा लागला.

धावजी पार हबकून गेला. दवाखान्याच्या ओट्यावर बसून येईल त्याला एकच सांगे, "अरे, चाकं बांधली तरी वढत होता तो." लोक मान हलवून पुढे जात.

भीमसिंग बोलायला लागला तेव्हा धावजी खाटेजवळ गेला. गंगी उशाशी भाकर कुस्करत होती.

"थांबला कसा नाही तो? मले समजूनच नाही राह्यलं."

"थांबणार नोताच, मामाजी. भरल्या ट्रॉलीले त्याचे ब्रेक पुरत नाही. त्या बुटक्याचे पुरले असते."

"तुले कवा समजलं हे?"

"तिथंच. यवतमाळले."

"मंग बोलला काहून नाही?"

"तुमचा हात होता ना गाडीवर," भीमसिंग म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर धावजीला बरं वाटलं असतं.

गंगीने घास नवऱ्याच्या तोंडात दिला, त्याचे ओठ पदराने पुसले आणि वर न पाहता म्हणाली, "बा, तू आता घरी जाय."