सवलतीचं अंग

“वजनाने तू आमच्यातली. पण बस मात्र मागे, कॅनजवळ.”

साहेबांच्या मॅडम असं म्हणाल्या आणि मेटॅडोरमधल्या सगळ्या बायका हसल्या. मीसुद्धा हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

मागे सीट नव्हती. स्टेपनी होती. वीस लिटरचा पाण्याचा कॅन आणि डब्यांच्या दोन पिशव्या. मी स्टेपनीवर बसले. धुळं मागे पडलं, गाडी शिरपूरच्या रस्त्याला लागली. प्रत्येक खड्ड्याला कॅन माझ्या गुडघ्यावर आदळत होता.

मी तेव्हा धुळ्यात एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. हंगामी. एकोणतीस दिवसांची ऑर्डर निघायची, मग एक दिवस खंड, मग पुन्हा एकोणतीस दिवस. सही साहेबांची. वय चोवीस. वजन नव्वद किलो.

लहानपणापासून मी अशीच. कवायतीला गुरुजी मला शेवटच्या रांगेत उभं करायचे. शिंपी माप घेताना टेप अपुरी पडल्याचं नाटक करायचा, दुकानातली माणसं खिदळायची. गावाच्या एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची. आधी वाटायचं, मी जाड आहे म्हणून. मोठी झाल्यावर कळलं, मी कुठल्या वस्तीतली ते गाडीत सगळ्यांना माहीत असायचं. आमची वस्ती बौद्धांची. कुणी बसलं नाही की कारण दोन्हींपैकी कोणतं, ते मला कधीच ओळखता आलं नाही.

मॅडमनी अधिकाऱ्यांच्या बायकांचं एक मंडळ काढलं होतं. त्या स्वतः अंगाने भरलेल्या. ऑगस्टमध्ये त्यांनी एक पत्रक काढलं. सायक्लोस्टाइलची स्टेन्सिल टाइपरायटरवर मीच कापली. ‘स्थूल भगिनींसाठी धबधब्याची सोपी सहल. चढ थोडा. घाई नाही. जिला दम लागेल तिच्यासाठी सगळ्या थांबतील. कुणी कुणाला हसणार नाही.’

शेवटच्या ओळीवर माझी बोटं थांबली. आमच्यासारख्यांसाठी कुणी असं लिहितं? मी सहलीला येणाऱ्यांच्या यादीच्या खाली माझं नाव टाइप केलं. मंडळाची मी कुणीच नव्हते. पण ‘फक्त सभासद’ असं पत्रकात कुठे लिहिलेलं नव्हतं. मी दोनदा वाचून पाहिलं.

आईला सांगितलं. तिने सगळा जन्म लोकांच्या शेतात निंदणी केली, डोंगरात गेली ती फक्त लाकडं आणायला.

“डोंगर चढाले जाई ऱ्हायनी? हौस म्हनीसन?” तिला हसू आलं. मग म्हणाली, “जाय बेटी. एक डाव डोकावर मोळी नसतांना चढी देख.”

मी कॅनव्हासचे पांढरे बूट घेतले.

सातपुड्याच्या पायथ्याशी गाडी थांबली. वाट दाखवायला गुलाब नावाचा पावरा आदिवासी माणूस उभा होता. चाळिशीचा, काटक. सामान उचलायला ऑफिसचा शिपाई येणार होता, तो आलाच नव्हता. मॅडमनी इकडे तिकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“कॅन तू घे गं. तुमच्याकडे पाण्याची सवय असतेच डोक्यावरून आणायची.”

मी कॉलेज केलेलं होतं. मिनिटाला चाळीस शब्द टाइप करत होते. पण येत्या शनिवारी माझी ऑर्डर संपत होती.

मी कॅन उचलला. एक पिशवी खांद्याला लावली. दुसरी गुलाबने घेतली. तो कॅनकडे हात करून म्हणाला, “बाई, हे पण मला दे.”

“तू पुढे हो, वाट दाखव,” मॅडम म्हणाल्या. “तिचा व्यायाम होऊ दे. त्यासाठीच आलीय ना ती?”

चढ खरंच थोडा होता. मोकळ्या हाताने मी सहज चढले असते. हे मला सांगायलाच हवं. वाट रुंद होती, सागाची सावली होती, पत्रकात लिहिलं होतं तशी घाईही नव्हती. प्रत्येक वळणावर सगळ्या बसायच्या, पदराने वारा घ्यायच्या, एकमेकींना धीर द्यायच्या. “सावकाश हं. काही पळून जात नाहीये धबधबा.” फार प्रेमाने बोलायच्या. मी मागून धापा टाकत पोचायचे. मी पोचले की त्या उठायच्या.

चार वळणं असंच झालं. विसावा त्यांचा संपायचा तेव्हा मी पोचायचे. मांड्या एकमेकींना घासून सोलल्या होत्या. घाम त्यात उतरून आग होत होती. कॅन या हातातून त्या हातात. कडीचा वळ दोन्ही तळव्यांवर.

पाचव्या वळणावर मॅडमना तहान लागली. मी कॅन खाली ठेवला, पिशवीतून स्टीलचा पेला काढला, भरायला लागले.

“थांब, थांब,” मॅडम म्हणाल्या. “तू नको ओतू. दमली असशील.”

मला बरं वाटलं. खरं सांगते, क्षणभर मला बरंच वाटलं. मग एका सरकारी वकिलांच्या पत्नी पुढे आल्या. माझ्या हातातला पेला त्यांनी दोन बोटांनी घेतला, विसळला, पुन्हा विसळला आणि मग भरला. सगळ्या प्याल्या. बोलण्यासारखं काही झालंय असं कुणाला वाटलंच नाही.

माझ्या घशाला कोरड पडली होती. मी म्हटलं, “मलाही थोडं.”

वकिलीणबाईंनी पेला पिशवीत टाकला. कॅन उचलून तिरपा धरला. म्हणाल्या, “ओंजळ कर.”

एवढंच. आवाज चढवला नाही, तोंड वाकडं केलं नाही. आपल्याकडे पाहुण्याला ‘बसा’ म्हणतात, तसं.

वीस लिटर पाणी मी वाहून आणलं होतं.

मी ओंजळ केली. मी प्यायले.

नाही म्हणाले असते, पेला मागितला असता, असं मी नंतर हजार वेळा मनात घडवलं. घडलं ते असं की मी वाकून, कोपरापर्यंत पाणी सांडत, प्यायले. तहान होती. भीती होती.

पुन्हा चालायला लागल्यावर पुढून वकिलीणबाईंचं बोलणं ऐकू आलं. “आपलं बाळंतपणांनी सुटलंय, मॅडम. हिचं काय? हे सवलतीचं अंग. सरकार खायला घालतंय.”

सगळ्या हसल्या. गुलाब तेवढा हसला नाही. त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तोही माझ्याइतकाच अडकलेला.

सरकारने मला काय खायला घातलं? आईने भाकरीवर मिरचीचा ठेचलेला खुडा घातला. एकवेळचं जेवण दोन वेळांना पुरवलं. तरी अंग भरलं, त्याला मी काय करू?

धबधब्याचा आवाज यायला लागला. शेवटचा एक चढ राहिला होता. मी कॅन खाली ठेवला आणि दगडावर बसले.

“उचल, अगदी जवळ आलंय,” मॅडम म्हणाल्या.

“नाही.”

“काय म्हणालीस?”

“नाही उचलणार. मी सहलीला आलेय. यादीत नाव आहे माझं.”

हे मी ओरडून म्हटलं नाही. रडत म्हटलं. नाक वाहत होतं. मोठं बंड वगैरे काही दिसत नव्हतं ते.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “उद्या ऑफिसात यायचंय ना तुला?”

गुलाबने न विचारता कॅन उचलला. सगळ्या वर गेल्या. मला उठायचं होतं. त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी. पण मांड्यांतून रक्त येत होतं, पाऊल उचलवेना. सागाच्या पानांमागून धबधबा नुसता ऐकू येत होता, वरून बायकांच्या किंकाळ्या, हसणं. दोन तास मी तिथे बसले. धबधबा मी पाहिला नाही. अजूनही पाहिलेला नाही.

परत येताना मी पुन्हा स्टेपनीवर.

सोमवारी हेडक्लार्कनी बोलावलं. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. “पोरी, संध्याकाळी मॅडमच्या बंगल्यावर जा. माफी माग. साहेब सही करतील. दोन मिनिटांचं काम आहे.”

आईलाही तेच वाटलं. “माफी मांगी ले बेटी. नोकरी शे म्हनीसन घर चाली ऱ्हायनं.”

तेव्हा मी तिला ओंजळीचं सांगितलं. ते मी तिच्यापासून लपवलं होतं. ती चुलीपुढे बसली होती.

“मी तं जलमभर तशेच पिनू,” ती म्हणाली. “मन्हा मनमा कधी काही उनंच नही.”

माझ्या मनात आलं होतं. दोघींत फरक असेल तर तेवढाच. तिने माफीचा विषय पुन्हा काढला नाही.

मी बंगल्यावर गेले नाही. शनिवारी ऑर्डर संपली, पुढची निघाली नाही. माझ्या टेबलावर दुसरी मुलगी आली. साहेबांचं, मॅडमचं, कुणाचंच काही बिघडलं नाही. आईला पुन्हा निंदणीला जावं लागलं, साठीच्या वयात. हे मी लपवत नाही. नकाराची किंमत तिनेही दिली, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

पुढे मी कोर्टाबाहेर भाड्याचं मशीन घेऊन बसले. लोकांचे अर्ज टाइप करते. बायका येतात, म्हणतात, “लिहा, काही लोकांनी त्रास दिला.” मी विचारते, कुणी? नाव सांगा. नाव घातल्याशिवाय मी अर्ज टाइप करत नाही.

माझा स्वतःचा अर्जही केला. काय झालं, कुठल्या वळणावर झालं, कोण काय म्हणालं, सगळं नावानिशी. कचेरीला पाठवला, वरच्या कचेरीला पाठवला. उत्तर नाही. दुसरा पाठवला. “विषय मिटला असे समजावे” अशी एका ओळीची चिठ्ठी आली. खाली सही नव्हती.

मी समजणार नाही. साहेब बदलून गेले, तिथेही अर्ज जाईल. निवृत्त होतील, घरी जाईल. माफी मी मागणार नव्हतेच. ती त्या सगळ्यांनी मागायची आहे. माझं नाव घालून. लेखी.