केशरची तळटीप

मुलांनो, तुमच्या आजोबांच्या कादंबरीतली केशर नावाची नर्तकी कधी नव्हतीच. भोसल्यांच्या काळातल्या एका मोडी पत्रात वाड्यावर पाठवलेल्या जिनसांची यादी होती. त्यात केशर होतं, दुधात घालायचं. ते पत्र मीच वाचून उतरवलं होतं. आजोबांच्या इतिहासग्रंथात तशी माझी तळटीपही होती, पण तो ग्रंथ वाचला कोणी? कादंबरी मात्र नागपुरात घरोघरी गेली.

सत्तरच्या दशकात एकदा उमरेडचे एक विणकर मुद्दाम घरी आले. "सर, केशरबाईची समाधी कुठं आहे जी? बायकोले दाखवाची आहे. पुस्तक वाचून दोन दिवस रडून राहिली."

मी म्हणाले, "अहो, केशर म्हणजे..."

"तू चहा टाक," आजोबा म्हणाले, आणि त्यांना नदीकाठच्या एका पडक्या चौथऱ्याची वाट सांगू लागले.

पुढे इतिहासाची दुसरी आवृत्ती निघाली. "ती टीप आता नको," एवढंच ते म्हणाले. मुद्रणप्रत मीच करत असे. मी टीप गाळली आणि पुढच्या सगळ्या टिपांचे क्रमांक नीट बदलले, म्हणजे काही गाळलंय हे कुणाच्या ध्यानात येऊ नये.