कॉलरबोन ओळखलं, पैलवान नाही

पौडच्या माझ्या दवाखान्यात मोडक्या कॉलरबोनचे पैलवान नेहमीचेच. मी एक्स-रे उजेडासमोर धरतो, खांद्यांना पट्टा बांधतो, ‘तीन महिने कुस्ती बंद’ म्हणून दरडावतो आणि पुढच्याला हाक मारतो. माणसाच्या तोंडाकडे बघायची मला सवय नाही. हाड मात्र जन्मात विसरत नाही, ही आपली माझी फुशारकी.

एका गावानं मला जत्रेच्या आखाड्यात पाहुणा म्हणून बोलावलं. शेवटची कुस्ती पाहुण्याच्या हस्ते लावायची. फेटा बांधला की माझी अक्कल तशीही त्याच्याखाली झाकली जाते. मी दोन्ही पैलवानांचे हात एकमेकांत दिले, फोटोसाठी हसलो, आणि गावच्या पैलवानाच्या गळ्याखाली, डाव्या बाजूला, उंचवटा दिसला. हा तर माझा उंचवटा! पट्टा बांधून जेमतेम सहा आठवडे झालेले.

“अरे, तू?”

“व्हय डॉक्टर,” तो कुजबुजला. “आता गप ऱ्हावा. घरच्या जत्रंत माघार घेतली तर लोक तोंडात शेण घालत्याल. आन् आता दुखत न्हाई.”

हलगी सुरू झाली. हाड परत मोडलं तर याची कुस्ती कदाचित कायमची संपणार, आणि ती लावणारा शहाणा मी! काही सुचेना. बुटांसकट तांबड्या मातीत धावलो आणि त्याच्या मांड्यांना मिठी मारली.

मातीत बूट! सगळं गाव उठून उभं राहिलं. मग निवेदक ओरडला, “डॉक्टरांनी पट काढलाय!” हलगीला चेव आला. समोरचा पैलवान हसत मागं सरला. माझा पैलवान तसूभर हलेना.

तालमीचे वस्ताद जवळ आले. “सोडा डॉक्टर. तुमच्यानं पडायचा न्हाई त्यो.”

मी त्यांच्या कानात हाडाचं आणि त्याच्या ‘दुखत न्हाई’चं सांगितलं. त्यांनी पैलवानाला डोळ्यांनीच झोडपलं आणि निवेदकाला खूण केली. पुकारा झाला: “डॉक्टर विरुद्ध पैलवान, कुस्ती बरोबरीत!” माघार कुणाचीच नाही. शिट्ट्या, टाळ्या. पैलवानाचा चेहरा खुलला. तो चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला.

त्या आनंदात मी त्याचा हात धरला आणि झटक्यात उंच केला.

“आई गंऽऽ! डावा हाय त्यो, डॉक्टर!”

वस्ताद त्याच्याकडे वळले. “दुखत न्हाई म्हणत हुतास न्हवं?” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “आन् तुमी आदी बूट काढा.”