एस. व्ही. राऊत म्हणजे कोण

तळेगावच्या स्टँडवर वर्ध्याची एसटी लागली. बाबांनी माझी वळकटी टपावर चढवली, खाली उतरले आणि चक्क कंडक्टरलाच सांगू लागले, "पुन्याले चालली. व्हायरसचं शिकाले." त्या बिचाऱ्याला काय कळणार! मी लाजेनं अर्धी झाले. बाबांचं कापडाचं दुकान होतं, त्यामुळे पुढे दोन वर्षं गिऱ्हाइकांनाही हेच ऐकावं लागलं. एकदा मात्र फोनवर कुरकुरले, "लोक इचारतात, पोरगी तिकडे काय करते? मी काय सांगू, लेकराईची शी तपासते म्हनून?" खोटं नव्हतं ते. लहान मुलांना जुलाब लावणारा विषाणू हाच माझा विषय.

नव्वदीच्या मध्यावर माझा पहिला पेपर, म्हणजे शोधनिबंध, छापून आला. नाव होतं एस. व्ही. राऊत. एस म्हणजे मी, सुनंदा; व्ही म्हणजे विठ्ठल, आमचे बाबा. इंग्रजीचं अक्षर कळत नसताना त्यांनी तो दुकानात गादीशेजारी ठेवला आणि आल्यागेल्याला तेवढी नावाची ओळ दाखवली.

मग लग्न ठरलं, हिंगणघाटच्या ठोंबऱ्यांकडे. दुसरा पेपर छपाईला जाणार होता. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी बजावलं, संशोधनात नाव बदलू नकोस. होणाऱ्या नवऱ्याला, रमेशला विचारलं तर तो म्हणाला, तुझं तू ठरव. मी शहाणी, एसटीडी बूथवरून बाबांना विचारायला गेले! "सासरचंच नाव लावजो," ते म्हणाले. "बापाचं नाव काऊन धरून बसली, म्हनतीन लोक." सासरी कुणी असं म्हणणार नव्हतं. पण मी ऐकलं, आणि तिथून पुढे एस. आर. ठोंबरे झाले.

त्यानंतर आम्ही इंग्लंडला आलो. पेपर छापला की एक प्रत मी तळेगावला पाठवायचे. एका सुट्टीत हिंगणघाटला गेले, तर सासूबाईंनी कपाटातून माझी सगळी पाकिटं काढून दाखवली. "तुझे बाबा पाठवतात, आम्ही जपून ठेवतो." ठोंबऱ्यांच्या नावाची वस्तू ठोंबऱ्यांच्या घरी! बाबांच्या हिशेबानं तो सासरचा मान होता. मला मात्र फार लागलं. तळेगावला गेले तेव्हा भांडावंसं वाटत होतं, पण आईनं ताट वाढलं आणि मी गप जेवले.

दोन हजारनंतर एका वर्षी माझी कायम नोकरीसाठी तपासणी आली. नाही जमलं तर कंत्राट संपणार आणि गाशा गुंडाळावा लागणार. इथे माणूस मोजतात तो सायटेशनवर, म्हणजे इतर संशोधकांनी आपल्या लेखनात तुमच्या पेपरचा किती वेळा आधार घेतला त्यावर. माझ्या सगळ्या पेपरांत लोकांनी सर्वांत जास्त वापरला होता तो पहिलाच. पण कॉम्प्युटरच्या लेखी एस. व्ही. राऊत ही कुणी वेगळीच बाई होती, माझ्यापेक्षा मोठी संशोधक! समितीनं विचारलं, ती तुम्हीच याचा पुरावा काय?

पुरावा कुठला? आमच्या लग्नाची नोंदणी नव्हती, होती ती फक्त पत्रिका. तुमच्यापैकी किती जणींची असेल, सांगा. शेवटी बाबांना फोन केला आणि प्रतिज्ञापत्र मागितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे माह्या एका शब्दापायी झालं हे." मी "नाही" म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

दुसऱ्याच दिवशी दुकान बंद ठेवून ते तहसील कचेरीत गेले. कागद हातात पडला, सोबत मी इंग्रजी भाषांतर जोडलं आणि समितीला दिला. मराठीत लिहिलं होतं, 'सुनंदा विठ्ठल राऊत व सुनंदा रमेश ठोंबरे ही एकच व्यक्ती असून ती माझी मुलगी आहे.' खाली आणखी एक ओळ: 'सदर व्यक्तीस घरी बबी असे म्हणतात. तिन्ही नावांची व्यक्ती एकच आहे.' फोनवर बाबा म्हणाले, "टायपिस्ट नाई म्हनत होता. मी म्हटलं, लिही गड्या. मांगच्या वेळी तिचं एक नाव मी काढाले लावलं, आता एकही सुटलं नाई पाह्यजे." तेव्हा मात्र मला रडू आवरेना. "नाही हो बाबा, तुमचं काही चुकलं नाही," हे वाक्य किती उशिरा तोंडातून निघालं!

समितीनं कागद मान्य केला. नोकरी राहिली, इथलं घर झालं, आता चाळीस मैलांवरचे लोकही मला डॉक्टर ठोंबरे म्हणून ओळखतात. फक्त समितीच्या कचेरीतल्या बाईंनी अगदी मनापासून एक चौकशी केली होती: या तिसऱ्या नावानं काही प्रसिद्ध झालं असेल तर कळवा, तेही तुमच्या खात्यात धरू.

मी लिहून पाठवलं, त्या नावानं काहीही प्रसिद्ध नाही. त्या नावानं मला जगात फक्त दोन माणसं हाक मारतात, आणि ती दोघंही तळेगावला असतात.