पहिल्या खेपेचं नको

महाडच्या वृद्धाश्रमातून फोन आला तो शुक्रवारी सकाळी. आईचं वजन पुन्हा उतरलं होतं, तिथे राहायला गेल्यापासून तीन महिन्यांत सात किलो. "सोमवारी डॉक्टर येतील," सिस्टरबाई म्हणाल्या, "आणखी घटलं असेल तर नाकातून नळी घालावी लागेल. त्या खातच नाहीत हो."

नळी म्हटल्यावर मला नेहमीप्रमाणे संताप आला. पनवेलहून निघाले ती मनातल्या मनात त्यांच्या स्वयंपाकघराचे वाभाडे काढतच. पाणचट डाळ आणि उकडलेला दुधी देत असतील. आंबेनळीच्या रस्त्यावरच्या आमच्या वाडीत जन्मभर नाचणीची भाकरी खाल्लेल्या बाईनं ते गिळायचं कसं? माणगाव येईपर्यंत माझं भाषण तयार होतं.

ते वाया गेलं. आश्रमाच्या स्वयंपाकघरात पाहते तर नाचणीचीच भाकरी, दुधात कुस्करता येईल अशी मऊ. वरण घट्ट, वर तूप. भांडायला काही सापडेना, याचाही मला रागच आला. सिस्टरबाईंनी वही पुढे केली. म्हाताऱ्या माणसांना आधी थोडंच वाढायचं, म्हणजे टाकलं जात नाही, मग विचारून हवं तितकं द्यायचं, अशी तिथली पद्धत. आईच्या रकान्यात रोज दोन्ही वेळा एकच शेरा होता: 'अजून नको म्हणाल्या.'

दुपारी मी पंगतीत तिच्या मागे बसले. पाठीमागून तिचे खांदे ब्लाउजमधून हाडांसकट दिसत होते. वाढणारी महाड शहरातली, गोड बोलणारी.

"आजी, अजून घालू?"

"नको गो बाय. पोट भरला."

ती हसून पुढे गेली. आईची मान मात्र पातेल्यामागोमाग शेजारच्या ताटाकडे वळली, तिथून पुढच्या ताटाकडे. मग तिनं रिकामं ताट बोटानं निपटून बोट चाटलं.

मी उठून वाढणारीच्या हातातला डाव जवळजवळ हिसकावलाच.

"आये, घे."

"नको."

"घे गो थोडा."

"नको म्हनते ना."

तिसऱ्यांदा मी विचारलं नाही, भात घातला आणि वर वरण ओतलं. तिनं हात आडवा धरला नाही. मान खाली घालून ती भराभर जेवायला लागली.

आमच्या वाडीत परक्या घरी पहिल्या खेपेला हो म्हणतो तो हावरट. दोनदा नको म्हणायचं आणि वाढणारीनं तिसऱ्यांदा घालायचंच. खरोखर नको असेल तर ताटावर आडवा हात येतो. माझी आई तीन महिने त्या तिसऱ्या खेपेची वाट बघत अर्धपोटी उठत होती.

"आये, मागायचा नाय काय?"

"दुसऱ्याच्या घरात मागतात काय कोन?"

वाढणारीला सांगितलं तर ती बिचारी रडवेली झाली. "मला खरंच वाटायचं ताई, त्यांना नकोय." तिला कशी बोलणार? मी म्हटलं, विचारू नका, हात आडवा येईपर्यंत घालत राहा.

सोमवारी मी ऑफिसात फोन समोर ठेवून बसले होते. कामात लक्ष नव्हतं, एकदा शेजारच्या टेबलावरच्या बाईंवर उगाच खेकसले. अकराच्या सुमारास सिस्टरबाईंचा फोन आला. वजन उतरलं नव्हतं, उलट पाव किलो वाढलं होतं, नळीचं नाव डॉक्टरांनी काढलं नाही.

सुटले असं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. वडील गेल्यावर मी आईला म्हटलं होतं, "आये, पनवेलला येतंस माझ्याकडे?" जावयाचं म्हणजे परकंच घर, तिथे कायमचं राहायचं, म्हणून ती म्हणाली, "नको गो." मी बरं म्हटलं आणि आश्रमाचा फॉर्म आणला. एकदाच विचारलं होतं मी.