चांदीवालीचा आवाज

माझं कोणी ऐकलं नाही. चांदीवाली बाई नाही, बाप्या आहे, असं मी बोथ गावातल्या आमच्या कॅसेटच्या दुकानात बसून किती वर्षं सांगितलं. गिऱ्हाईक हसायचं. सगळ्यात आधी आमचे मालक, म्हणजे घरधनीच, हसायचे. दुकानातली गाणी गिऱ्हाईक घेऊन जातं, किस्से आपल्याकडंच उरतात. त्यातले थोडे लिहिते.

पंच्याऐंशीच्या आसपास डिस्कोची हवा आली. विदेशी नावं कोणाला बोलता येत नव्हती. कव्हरवर चंदेरी कपड्यातली बाई नाचत होती म्हणून ती कॅसेट झाली चांदीवाली. सगळ्यांची लाडकी. आवाज बारीक, गाणं पळतं. आमच्या डेकवरून तिच्या कॉप्या निघायच्या आणि मालक मिरवायचे, "दुसऱ्याकडं एका बाजूले पाच गाणे बसते, माह्याकडं सहा."

परवाना तपासायला एक साहेब आले. मी एकटीच होते.

"मालकाचं नाव?"

"पाटीवर आहे."

"पाटी मी कशाला वाचू, तोंडानं सांगा."

"तोंडानं निघत नाही. लग्नापासून नाही निघालं."

साहेब बिचारे उन्हात गेले आणि पाटी वाचून आले.

मग मी माहेरी भैंशाला गेले. भावाकडं तीच कॅसेट, तेच कव्हर, पण कंपनीची असली, कॉपी नाही. लावली तर आवाज म्हशीसारखा जड. चांगला मिशीवाला माणूस वाटत होता. परत येऊन सांगितलं, आपला डेक जोरात पळतो.

मालक म्हणाले, "तू चौथी पास. तुले काय समजते डिस्कोतलं?"

मी म्हटलं, "बाई कोण अन् बाप्या कोण, हे चौथीच्या आधीच समजते."

बाजारहत्नूरच्या एका लग्नात आमचा साउंड होता. वरातीत चांदीवाली लागली. नवरदेवाचा मामा अंगानं भारी. नाचता नाचता खाली बसला, पाणी प्याला आणि मला म्हणाला, "वहिनी, या बाईले काऊन एवढी घाई आहे? तिचीबी बस चुकून राह्यली काय?"

नव्वदनंतर टेक्नो आलं. त्यात गाणं नाही, नुसता ठोका. रोज दुकानासमोर बसणाऱ्या तुकारामबुवांनी अर्धी कॅसेट ऐकली आणि विचारलं, "गाणारा कवा येते?"

"येत नाही, बुवा."

"मंग हे पोट्टे कोणाची वाट पाहून नाचून राह्यले?"

मालक मला म्हणाले, "घे. आता गाणारंच नाही. तुई तक्रार संपली."

संपली नव्हती. गावातल्या पोरांनी भैंशाच्या डान्स स्पर्धेसाठी चांदीवालीच बसवली होती. प्रॅक्टिस आमच्या कॉपीवर. तिकडं स्टेजवर असली कॅसेट लागली. पोरांचा नाच संपला, हात वर करून उभे राहिले, आणि गाणं काही संपेना. तसेच उभे. लोकांना वाटलं, हाही नाचच आहे.

दुसऱ्या दिवशी पोरं आणि त्यांचे बाप दुकानात आले. मालकांनी सरळ माझ्याकडं बोट केलं. "मी साउंड घेऊन गावोगाव फिरतो. दुकानात ही बसते. हिनंच काही दाबलं असन. उद्यापासून ही घरी बसन, मंग झालं?"

उमेदीची सगळी वर्षं मी त्या गल्ल्यावर काढली होती. मी उठले नाही. म्हटलं, "मेकॅनिकले बोलवा. त्यानं डेक खोलल्याशिवाय मी जागची हलणार नाही."

करीमभाई आले. सगळ्यांच्या समोर डेक खोलला. मोटरीच्या मागं एक बारीक पेच, म्हणजे स्क्रू असतो, त्यानं चाल कमीजास्त होते; चाल वाढवली की कॉपीत गाणी जास्त बसतात. त्यावर कंपनीचा रंग लावलेला असतो. तो उखडला होता.

"ये पेच अपने आप नहीं घुमता," करीमभाई म्हणाले. "किन्ने घुमाया?"

 मालक एकाएकी मांडणीवरच्या कॅसेटी पुसायला लागले.

करीमभाईंनी मला विचारलं, "भाभी, तुमकू मालूम है क्या? नाम बोलो."

पोरं पाहत होती, बाप पाहत होते. मी पदर डोक्यावर नीट घेतला आणि मोठ्यानं सांगितलं,

"दिगांबर."